बाळीची पाटी

पितळ मळकं दिसलं की भागीरथीबाईंना चैन पडत नसे. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या तरी नजर आधी देवघरातल्या समईकडे. समई काळी असली तर त्या घरचा चहासुद्धा त्यांना गोड लागायचा नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

सासऱ्यांचं इथं कानडी मुलखात, शिवाजीनगरला तांब्यापितळेचं दुकान होतं, आणि छावणीतल्या जुन्या इंग्रजी चॅपलचं पितळ घासायचं काम तेव्हापासून या घराकडे. पुढे मुलानं, सुधींद्रनं, दुकानात स्टील भरलं. पितळ उरलं ते चॅपलमध्येच. म्हणून गुरुवारी जेवणं उरकली की बाई पिशवीत भिजवलेली चिंच, बारीक रांगोळी आणि जुन्या धोतराची फडकी घेऊन निघत. सून वाणी म्हणायची, "अत्ते, आता पुरे की. पाठ धरते तुमची." बाई म्हणत, "पाठ घरी बसूनही धरते."

खरं सांगायचं तर त्यांना तिथं जायला फार आवडायचं. लाकडी नक्षीच्या कमानीखालून आत पाऊल टाकलं की बाहेरचे हॉर्न कुठल्या कुठे विरून जायचे. वर काळ्या सागवानाचं उंच छत, जणू पालथं घातलेलं सूप. लांब दांड्यांवरून खाली आलेले पंखे सावकाश फिरायचे. वेताच्या बैठकीचे बाक, संगमरवरी कुंड, त्यात बाळांच्या डोक्यावर पाणी घालतात म्हणे. पंख पसरलेला पितळेचा पक्षी, त्याच्या पाठीवर त्यांचा ग्रंथ. तो गरुड आहे असं बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं आणि त्याच्या चोचीला त्या नमस्कार करूनच हात लावत. दुपार कलली की रंगीत काचांतून निळा-तांबडा उजेड फरशीवर उतरायचा आणि हळूहळू बाकांवर चढायचा. काम झालं की बाई तिथंच टेकायच्या. डोळा लागायचा. आणि त्या अर्धवट झोपेत एक लहान मुलगी अनवाणी त्या रंगांवरून चालत यायची.

ही मुलगी म्हणजे बाळी. कुंडामागच्या भिंतीवर, सगळ्या मोठ्या पाट्यांच्या खाली, वीतभर पितळी पाटी होती. बाई नव्यानं यायला लागल्या तेव्हा म्हाताऱ्या पाद्र्यांनी सांगितलं होतं की ही चार वर्षांची पोर, इथं तापानं गेली, बाप पलटणीत होता. नावही सांगितलं होतं. पण ते इंग्रजी नाव काही बाईंच्या तोंडी बसेना, आणि इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांना दोन मुलगे. मुलीची हौस मनातच राहिलेली. त्यांनी तिला बाळी म्हणायला सुरुवात केली. बाकीच्या पाट्या आळीपाळीनं, पण बाळीची पाटी दर गुरुवारी घासली जायची. "चल ग, तोंड धुऊ," असं म्हणत.

आणि घासणं कसं, तर घरचे देव घासावेत तसं. त्यांच्या देव्हाऱ्यातल्या टाकावरच्या खंडोबाला पिढ्यान्‌पिढ्या घासून नाकडोळे उरले नव्हते. सासूबाई म्हणायच्या, देवाचं तोंड पुसट झालं म्हणजे त्या घरानं सेवा केली. बाईंनी तीच सेवा बाळीची केली. आता तुम्हीच सांगा, यात त्यांचं काय चुकलं?

चुकलं ते यंदा कळलं. चॅपलच्या भिंतींना ओल आली, गिलावा काढायचं ठरलं, पाट्या उतरवल्या गेल्या. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, जुन्या इमारतींची डागडुजी करणारी ऋचा एकेक पाटी वाचून फोटो काढत होती. बाळीची पाटी तिनं उजेडाकडे तिरकी धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

"आजी, यावर काहीच नाहीये."

"काहीच नाही कसं? एक मुलगी आहे की."

"कुठली? नाव काय तिचं?"

बाई पुन्हा पाटीकडे बघू लागल्या. बाळीशिवाय दुसरं नाव आठवेना. किती आठवलं, ओठांवर येईना. पाद्री केव्हाच वारले होते. राखणदार कल्लाप्पाला विचारलं, तर तो म्हणाला, "अक्का, मला ती कोरीच ठाऊक आहे."

ऋचानं खाली बसून सांगितलं की कोरी पाटी भिंतीवर परत लागणार नाही, समितीनं तसं ठरवलंय. मग बाईंचा हात धरून म्हणाली, "चिंच आणि रांगोळीनं अक्षरं झिजलीत, आजी."

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही. पोरीचं जगात एवढंच उरलं होतं, तेही आपण आपल्या हातांनी पुसलं.

"एकच उपाय आहे," ऋचा म्हणाली. "खोल कोरलेलं कधीकधी वरून जातं, पण धातूत राहतं. पितळ काळं पडू दिलं तर दिसेल, कदाचित. पण हात लावायचा नाही. अजिबात."

"सरी, तसंच करू," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार.

पाटी पाद्र्यांच्या कपड्यांच्या खोलीत, खिडकीत ठेवली. गिलावा वाळेपर्यंतची मुदत. मग बाकीच्या पाट्या भिंतीवर जाणार आणि तोवर नाव दिसलं नाही तर ही पेटीत. बाई येत, गरुड घासत, मेणबत्त्यांच्या समया घासत, आणि मग खिडकीसमोर मांडीवर हात ठेवून बसत. पाटी आधी पिवळट मळली, मग तिच्यावर तपकिरी डाग आले. ज्या बाईला काळी समई बघवत नाही तिनं हे बघायचं. स्वप्नातही बाळी आता मळक्या तोंडानं यायची आणि लांब उभी राहायची. एके गुरुवारी बाई उठल्याच, चिंच हातात घेऊन, पाटीपर्यंत गेल्या. एवढं स्वल्प पुसलं तर काय बिघडेल? हाताला चिंचेचं पाणी ओघळत होतं. दारात कल्लाप्पा उभा होता. बाईंनी हात मागे घेतला आणि पदराला पुसला. परत खिडकीसमोर जाऊन बसल्या.

भिंती वाळल्या. पाट्या लावायला माणसं आली त्या दिवशी ऋचानं ती काळवंडलेली पाटी तळहातावर घेतली आणि खिडकीत हळूहळू कलती केली. काळ्यात त्याहून काळ्या बारीक रेघा उमटल्या होत्या.

"हॅरिएट," ती अडखळत वाचायला लागली. "वय चार वर्षं. पुढं... तिची आई, मेरी, हिनं ही पाटी बसवली."

बाई पाटीजवळ सरकल्या. इतक्या वर्षांत या पोरीला आई होती हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. परक्या मुलखात पोर ठेवून जाताना त्या मेरीनं निदान नाव राहावं म्हणून ते पितळेत कोरून घेतलं असेल. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. "मी तिला माझी म्हणत होते ग," त्या म्हणाल्या.

पाटी कुंडामागे, आपल्या जागी परत गेली. आता चॅपलमधलं सगळं पितळ लखलखतं आणि ती एक तेवढी काळी आहे. भागीरथीबाई तिच्यावरची धूळसुद्धा पदरानं झटकत नाहीत. काम आटोपलं की दोन्ही हात पाठीमागे धरून समोर उभ्या राहतात आणि जीभ अडखळते तरी तिला तिच्या आईनं ठेवलेल्या नावानं हाक मारतात.