जावयाचा चेंडू आतच!

मी आयुष्यात टेनिसचा एकच सामना खेळलो आणि एकही पॉइंट न कमावता जिंकलो.

साल चौऱ्याऐंशी. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकात टेनिस आलं, पण नुसतं प्रदर्शनापुरतं. ‘चोवीस सालानंतर हाकललेला खेळ तो! आता खेळवतील, पण पदकं मोजणार नाहीत,’ हे ज्ञान मी नागपुरातल्या आमच्या कॉलनीत महिनाभर वाटत होतो. (रॅकेट मी तोवर फक्त दुकानाच्या काचेतून पाहिली होती.)

त्यामुळे हिवाळ्यात कॉलनीचं स्वतःचं ‘ऑलिंपिक’ ठरलं, तेव्हा कबड्डी आणि पोत्यांच्या शर्यतीशेजारी टेनिस घालायला मीच भाग पाडलं. नावं दोनच आली. माझं, आणि माझ्या बायकोचं!

“तू काहून?”

“तुमची फजिती होऊ नये म्हणून,” कुसुम म्हणाली. “पण जो हरीन, तो उन्हाळाभर कूलरमध्ये पाणी भरीन. मंजूर?”

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर दिवसाला दहा बादल्या पितो. तरी मी छाती फुगवून ‘मंजूर’ म्हणालो.

पंच म्हणून बसवले माझे सासरे. ते काटोलहून संत्र्यांची पेटी घेऊन आले होते. टेनिसचा एकही नियम त्यांना ठाऊक नव्हता. जावयाचा मान राखायचा, एवढा एकच ठाऊक होता. बस, तेवढ्यावर त्यांनी सामना चालवला!

माझी पहिली सर्व्हिस थेट नालीत.

“जावईबापूंचा पॉइंट!”

“बाबा, चेंडू नालीत गेला न!”

“नाली आतच धरली मी.”

दुसरी सर्व्हिस संत्र्यांच्या पेटीत. पॉइंट माझा! मग कुसुमचा फटका माझ्या दोन पायांमधून गेला.

“जावईबापूंनी जाऊ देल्ला म्हणून गेला. त्यांचाच!”

नंतर तर माझी रॅकेटच हातातून सुटून पलीकडे पडली. त्याचे मला दोन पॉइंट मिळाले! कॉलनी पोट धरून हसत होती.

“बाबा, मी तुमची पोरगी आहो न?”

“हाव, पोरी. पण जावयाले हरवून काटोलात कोणत्या तोंडानं जाऊ वं मी?”

मी जिंकलो. गळ्यात पत्र्याचं पदक पडलं. लाज वाटायला हवी होती; खरं सांगतो, भयंकर आनंद झाला! घरी येताच बादली कुसुमपुढे ठेवली.

“काहून? तुम्हीच तं महिनाभर सांगून राहिले होते, टेनिसचं पदक मोजल्या जात नाही म्हणून!”

मी आशेनं पंचांकडे पाहिलं. सासरे संत्रं सोलत म्हणाले, “जावईबापू, तुमचा शब्द मी खाली कसा पडू देऊ?”

एका उन्हाळ्याची पैज चार उन्हाळे चालली. अठ्ठ्याऐंशीच्या सोल ऑलिंपिकात टेनिसची पदकं खरोखर मोजू लागले, तोवर बादली उचलण्यात माझा हात ऑलिंपिकच्या तोडीचा झाला होता!