रुग्णाच्या शब्दांत

मेडिकलच्या पोरांचं एक बरं असतं. जो धडा वाचावा तो आजार आपल्यालाच झालाय असं वाटतं, त्यामुळे अभ्यास मागं पडला की तब्येत आपोआप सुधारते. महामारीच्या वर्षी मात्र पुस्तक मिटून ठेवलं तरी सुटका नव्हती. आम्ही वॉर्डात नुकतंच पाऊल टाकलं होतं, रुग्णाशी बोलायचं कसं ते शिकत होतो, तेवढ्यात हैदराबादचं कॉलेज बंद झालं आणि मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरजवळच्या आमच्या गावी येऊन पडले.

गावानं मला लगेच डॉक्टरीण करून टाकलं. मी जेमतेम अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली, पण ऐकतं कोण! बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आदिलाबादहून मागवलं होतं. आई त्याला चिमटा म्हणायची. येणारी-जाणारी प्रत्येक बाई ओट्यावर टेकून बोट पुढं करायची आणि आकडा चांगला आला की शेजारणीला ऐकवायची. मीही हसायचे. सगळ्या गेल्या की तोच चिमटा स्वतःच्या बोटाला लावून बसायचे. नाडी धावत असायची. ती धावते म्हणून मी घाबरायचे, आणि मी घाबरले म्हणून ती आणखी धावायची.

यावर आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून एक उपाय काढला. संध्याकाळी चहाच्या वेळेला फोनवर जमायचं आणि जिला जी भीती वाटत असेल ती तिनं केस म्हणून सादर करायची, वॉर्डात सरांपुढं करतात तशी. आधी वय, धंदा, गाव. मग मुख्य तक्रार. मुख्य तक्रारीचा नियम कडक होता: ती रुग्णाच्याच शब्दांत सांगायची, आपली विद्या मध्ये पाजळायची नाही. “रुग्ण, वय एकवीस, धंदा ऑनलाइन लेक्चरला झोपणे, मुख्य तक्रार, ‘परीक्षा होईल की नाही कळत नाही, आणि झाली तर माझं काय होईल तेही कळत नाही.’” मग बाकीच्या तिघी सर होऊन खवचट प्रश्न विचारायच्या. भूक कशी आहे? घरात आणखी कुणाला हा त्रास? हसून हसून पोट दुखायचं. भीती काही जायची नाही, पण तिला गाव आणि धंदा चिकटवला की ती जरा माणसात यायची.

भादव्यात बाबांना ताप आला. तपासणीत तीच बातमी निघाली. नार्नूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घरीच वेगळं ठेवा म्हणाले. मला बाजूला घेऊन बजावलं की बाबांना साखरेचा त्रास आहे, तेव्हा खोकला वाढला किंवा दम लागला तर वेळ न घालवता आदिलाबादला न्यायचं. म्हणजे ते ओळखायचं काम माझं.

मी तासातासाला चिमटा लावू लागले. मास्क, हातमोजे, दाराबाहेर वाळत घातलेले कपडे, सगळं पुस्तकाप्रमाणे. बाबा मुकाट्यानं बोट द्यायचे. खोकला मला कधी ऐकू आला नाही, आणि त्याचाच काय तो आधार होता. दिवसातून कितीदा तरी ते “पऱ्हाटीत फेरी मारून येतो” म्हणून घरामागच्या कपाशीत जायचे. कपाशी त्या वर्षी छातीला लागली होती. हिंडतात म्हणजे अंगात ताकद आहे, असं मी धरून चालले होते.

एका संध्याकाळी ऑक्सिजनचा आकडा सकाळपेक्षा खाली आला. पुन्हा लावला, तोच. मी मैत्रिणींना फोन लावला आणि बोलायच्या आधीच रडू लागले. करीमनगरची मैत्रीण आमच्यात सगळ्यांत शांत. ती तेलुगूत एवढंच म्हणाली, “केस चेप्पु.” केस सांग.

मी डोळे पुसले. “रुग्ण, वय बावन्न, धंदा शेती. मुख्य तक्रार...”

पुढं शब्दच नव्हता. ताप किती, नाडी किती, साखर किती, सगळं तोंडपाठ होतं. पण बाबांना काय होतंय ते मी बाबांना विचारलंच नव्हतं.

फोन तसाच चालू ठेवून त्यांच्या दारात गेले.

“बाबा, तुमाले काय होऊन राह्यलं?”

“मले? काई नाई.”

“असं नाई. तुमच्या शब्दात सांगा.”

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, “तू लय भेतं वं माय. चिमटा लावतानी तुया हात कापते. म्हून तुयासमोर खोकलतच नाई मी. पऱ्हाटीत जाऊन खोकलून येतो.”

“आन दम?”

“कालपासून लागते थोडा. सांगणार होतो. पण तू आदीच सुकून गेली.”

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून कितीतरी जास्त स्वतःची लाज वाटली. घरातल्या आजारी माणसाला खोकायला रानात जावं लागत होतं, तेही डॉक्टरणीच्या भीतीनं.

“खोका आता,” मी म्हणाले. “मी अथीच बसून आयकते.”

ते खोकले. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं सगळं. मी उंबऱ्यावर बसून ऐकलं. खोकला कोरडा होता आणि बोलताना दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. मग मी फोन कानाला लावून केस पुरी केली. मुख्य तक्रार, रुग्णाच्या शब्दांत: “पोरगी भेते.” त्या दिवशी कुणी सर झालं नाही. तिघी एकदमच म्हणाल्या, निघ.

दिवेलागणीला गाडी मिळाली. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वय, धंदा, खोकला, दम, साखर, सगळं मी न अडखळता सांगितलं. बाबांना ऑक्सिजन लावावा लागला. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. बाबा घरी आले तोवर कपाशीची बोंडं फुटायला लागली होती.

आता मी वॉर्डात काम करते. भीती अजूनही वाटते, आणि वाटली की मैत्रिणींना फोन करून केस सांगते. सुट्टीला घरी गेले की बाबा माझ्यासमोर बसून मुद्दाम मोठ्यानं खोकतात आणि हळूच माझ्या हाताकडं बघतात.