खातं माझं, गुन्हा माझा

पडद्यावर माझी माय होती. उघडी. छातीच्या उजव्या अंगाला टाके, टाक्यांतून पू, भवताल लालभडक सुजलेलं. पडदा भिंतभर. जिंतूरच्या आमच्या ऑफिसात आठ पुरुष खुर्च्यांवर बसलेले आन् मी मागं दाराजवळ उभी.

मॅनेजरनं फोटो पुढं सरकवला न्हाई. दोन बोटं टॅबवर ठेवली आन् फाकवली. माय आणखी मोठी झाली. मग मागं वळून म्हणला, "हे कोन्तं पीक म्हनायचं?"

हसले. सगळे न्हाई, पण हसले. एकाला हसता हसता चहाचा ठसका लागला. पुण्याहून आलेल्या साहेबानं आपल्या मोबाईलात मान घातली आन् म्हणला, "पुढचा घ्या."

मॅनेजरनं तरी घेतला न्हाई. वाकून बघितलं. मायनं तोंड भिंतीकडं केलेलं, पण गालावरचं गोंदण दिसत होतं. "आरे, ही तर आमच्या रानात खुरपायला येती की!" वळखलं त्यानं. वळखून बी थांबला न्हाई.

मी धावत गेले आन् वायर उपटली.

आता हे झालं कसं ते सांगते. कारण ज्याला सांगावं तो आधी हेच इचारतो, तुझ्या मायचा फोटो कंपनीच्या टॅबात आलाच कसा. मला बी दोन दिवस वाटत होतं, चूक माझीच.

बियाण्याची कंपनी. आमी चार पोरी फिल्डवर. शेतकऱ्याच्या रानात कंपनीचं बी पेरायचं, आन् उगवल्यापासून काढणीपर्यंत दर आठवड्याला त्या प्लॉटचा फोटो काढायचा; बी कसं आलं त्याची कंपनीकडं तेवढीच नोंद. त्यासाठी टॅब दिले. ज्या दिवशी दिले त्या दिवशी ऑफिसातल्या दोघांना कंपनीचं खातं मिळालं. त्यांच्या मेलच्या शेवटी कंपनीचं नाव. आमाला सांगितलं, तुमचं घरचं खातं टाका.

मी इचारलं, "सर, आमाला कंपनीचं न्हाई का?"

"खातं काय परसाद हाय का सगळ्यास्नी वाटायला? कंपनीचं खातं कंपनीच्या मानसाला. तुमी फिल्डवाल्या. आज हायत, उद्या न्हाईत."

मॅनेजर आमच्याच गावचा. मोठ्या घरचा. गावात त्याला धाकले मालक म्हणतात. माझी माय बी म्हणती. त्याच्या घरी वरून ओतलेलं पाणी वंजळीनं प्यालेली बाई ती. मला ऑफिसात त्याला सर म्हणावं लागायचं, आन् तो मला 'ए' म्हणायचा. मायचं नाव त्याला ठाऊक होतं, माझं न्हाई.

खातं माझं कॉलेजातलं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मासाठी काढलेलं. माझ्या मोबाईलात बी तेच. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून टॅबच्या पाठीला चिकटवायचा, असा मॅनेजरचा हुकूम. "कंपनीच्या वस्तूला कुलूप नसतं." बरं, आमच्या खात्याला कुलूप न्हाई, त्या दोघांच्या खात्याला मात्र होतं. जेवणाच्या सुट्टीत कुनीबी आमचे टॅब उचलायचं. एकदा त्यानं माझा मेल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. मी दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज केला होता त्याचा. "बाई आता कलेक्टरच्या खुर्चीत बसायलीय," म्हणला. सगळे हसले. खरं सांगते, मी बी हसले. त्या हसण्याची मला आजबी चीड येती.

मायच्या छातीत गाठ निघाली. परभणीला ऑपरेशन झालं. घरी आणलं आन् चौथ्या दिवशी टाके चिघळले. डॉक्टरबाई फोनवर म्हणल्या, एसटीचे धक्के नको, फोटो काढून पाठव.

माय तयारच होईना. तिनं मला, पोटच्या पोरीला बी कधी अंग दाखवलं न्हाई. शेवटी म्हणली, "दार लाव. कडी घाल." खिडकीच्या उजेडात बसली, पदर काढला, तोंड फिरवलं.

"हे कुनाला दिसायचं न्हाई ना गं?"

"फक्त डॉक्टरबाईला, माय."

मोबाईलवर काढला, पाठवला, अन् कामावर गेले. मोबाईलातला फोटो खात्यात चढतो. खातं तेच टॅबात. मोबाईलात काढलेलं टॅबात दिसतं. हे मला कुनी सांगितलं न्हाई. सकाळी मायनं पदर काढला, दुपारी तो फोटो जिंतूरच्या भिंतीवर होता. माझे प्लॉट सगळ्यात चांगले आले म्हणून पुण्याच्या साहेबाला दाखवायला माझाच टॅब लावला होता. सोयाबीन उगवलं, सोयाबीन फुलावर, सोयाबीन शेंगेला, आन् मग माय.

साहेब गाडीत बसून गेला. मॅनेजरनं मला आत बोलावलं. कागद तयारच होता, टाईप केलेला. माझ्या वैयक्तिक खात्यातून कंपनीच्या उपकरणावर अश्लील छायाचित्र आले, त्याबद्दल मी दिलगीर आहे. खाली माझ्या सहीची जागा.

अश्लील.

माझ्या मायचा पू भरलेला घाव अश्लील. बोटं फाकवून तो मोठा करणारा साफ.

"सर, हसले तुमी. माफी मी लिहू?"

"खातं कुनाचं?"

"माझं."

"मंग फोटो कुनाचा? तुजा. गुन्हा कुनाचा? तुजा. चल, सही कर. घरी तुजी माय वाट बघायली असंल." आन् हसला.

'तुजी माय' हे त्याच्या तोंडातून आलं, तसं माझ्या डोक्यातलं भ्यावच गेलं. मी पेन घेतला न्हाई. माझा मोबाईल काढला, त्याच्यासमोर खात्याचा पासवर्ड बदलला. मग टेबलावरचा टॅब घेतला आन् त्यातून माझं खातं काढून टाकलं. पाठीवरचा कागद बी नखानं खरवडून काढला.

"कर की," म्हणला. "मोकळा टॅब ठेव आन् नीघ."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर ऑपरेटर दारात आला. त्याच्या मशीनवर बी माझंच खातं उघडलेलं असायचं, पासवर्ड बदलला तसं ते बंद पडलं होतं. "सर, हिचे प्लॉट दिसना गेलेत. तीन हंगामाचे. सगळे हिच्याच खात्यात हायत."

टॅबात जागा थोडी. फोटो खात्यात चढले की टॅबातले पुसत जा, हा बी मॅनेजरचाच हुकूम होता. आमी पाळला.

तो उभा राहिला. "डाटा कंपनीचा हाय! चोरी हाय ही! पोलिसात देईन!"

"खातं माझं म्हणून गुन्हा माझा, असं आत्ताच म्हणलात. मग त्याच खात्यातलं सोयाबीन तेवढं कंपनीचं कसं?"

त्यानं दार लोटून घेतलं आन् आवाज बदलला. "ताई, बस. पानी घे. तुला आजच कंपनीचं खातं देतो. कायम करायचं बी बघू." दोन वर्षांत पहिल्यांदा ताई.

तोच कागद उलटा करून मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, आज काय दाखवलं, कुनी दाखवलं, कोण हसलं. नावानिशी. खाली सही केली. तेवढीच सही त्याला मिळाली. कागद आन् टॅब टेबलावर ठेवला आन् निघाले.

पोलीस ठाण्यात गेले. तिथला माणूस म्हणला, "पुरावा दाखवा." पुरावा म्हणजे तोच फोटो. पुन्हा एक पुरुष, पुन्हा दोन बोटं. मी उठले. तक्रार लेखीच देईन म्हणलं, फोटो बाई अधिकाऱ्याशिवाय कुनालाच न्हाई. अर्ज घेतला, पुढं कायबी झालं न्हाई अजून.

मायला सांगितलं. गावात दुसऱ्या तोंडून कळण्यापरीस माझ्या तोंडून कळावं. तिनं एकच इचारलं, "धाकल्या मालकानं बघितलं?"

"हो."

मी रडायले तर म्हणली, "तू कामून रडायलीस? उघडी तर मी झाले." त्या दिवसापासून ती मला जखमेला हात लावू देत न्हाई. शेजारची काकू येऊन पट्टी बदलती. मी बाहेर बसते. हे मला भोगायचंय, मी भोगायले.

शेतकऱ्यांना ज्याच्या त्याच्या रानाचे फोटो पाठवून दिले. ते त्यांचे होते. कंपनीला न्हाई दिले.

पुण्याहून तीनदा फोन आला. त्या साहेबाचाच, ज्यानं मोबाईलात मान घातली होती. लय गोड बोलतो. कंपनीचं खातं घ्या, पद घ्या, झालं गेलं सोडा, फोटो तेवढे द्या. मी सांगितलं, तुमचं खातं तुमच्यापाशीच ठेवा. अश्लील हा शब्द मागं घेतल्याचा कागद काढा. खोलीतल्या आठही जणांच्या सह्या त्यावर घ्या, तुमची बी. माझी माय शिकलेली न्हाई. तवा तो कागद धाकल्या मालकानं आमच्या वस्तीत येऊन वाचायचा, माझ्या मायसमोर उभं राहून, मोठ्यानं, सगळ्यास्नी ऐकू जाईल असा. तोवर सोयाबीनचं एक पान दाखवणार न्हाई. कोर्टात जा, कुठं जायचं तिथं जा, मी हितंच हाय.