साडेसात युनिटांची बचत

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलंत, जुन्या दिव्यांना खर्च किती यायचा आणि एलईडीला किती येतो. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट. तेवढाच उजेड देणाऱ्या नऊ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. म्हणजे एका दिव्यामागे साडेसात युनिट वाचतात. आकडे बरोबर आहेत, तेच लिहा. पण माझी एक चूक फोनवर तुमची आई ऐकत असताना सांगवली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तुमचे आजोबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. निवृत्तीनंतर त्यांनी तुमच्यासाठी एक चित्रवही काढायला घेतली होती. कोळशाच्या वाघिणीपासून गंगापूर रोडवरच्या आपल्या घरातल्या दिव्यापर्यंत वीज कशी येते, ते सगळं त्यात यायचं होतं. संध्याकाळचा चहा झाला की टेबलावरचा पिवळा बल्ब लावून ते पेन्सिलला टोक काढत बसत.

मी घरातले सगळे बल्ब एका दिवसात बदलले. टेबलावरच्या बल्बला हात घातला तेव्हा ते म्हणाले, "बाई, एवढा एक राहू द्या." मी गणित शिकवायचे, म्हणून चेष्टेत ते मला बाई म्हणत.

"अहो, एकाला सवलत दिली की वर्ग बिघडतो."

"जन्मभर वीज तयार केली मी. नऊ युनिट माझ्या नावावर मांडा."

मी हसले आणि बल्ब काढला.

दोन-तीन संध्याकाळी ते नव्या दिव्याखाली बसले. मग म्हणाले, कागद चकाकतो, पेन्सिलची रेघ दिसत नाही. मला वाटलं, रुसलेत. "होईल सवय," म्हटलं. वही कपाटात गेली. ते लवकर जेवून आडवे व्हायला लागले. वर्षभराने मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, पांढरा झगझगीत उजेड अशा डोळ्यांना टोचतोच. ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी हृदयविकाराने ते गेले.

मागच्या महिन्यात न्हाणीघरातला दिवा गेला म्हणून मी दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "पांढरा देऊ की पिवळा?" किंमत एकच, वॅटही तेवढेच.

"एलईडीत पिवळा कधीपासून येतो?"

"पहिल्यापासून येतो की, आजी. लोकच पांढरा नेतात."

मीही तेव्हा पांढराच नेला होता, तो स्वच्छ दिसतो म्हणून. दुसरा रंग मिळतो का, हे विचारलंसुद्धा नव्हतं. पिवळा घेतला असता तरी बिल तेवढंच आलं असतं आणि ते टेबलापाशी बसले असते.

वही माझ्याकडे आहे. चित्रं टर्बाइनपर्यंत आली आहेत. पुढची पानं कोरी आहेत.