सिनेमाची घसरण आणि आमचे मामासासरे

हिंदी सिनेमाची घसरण नेमकी कधी सुरू झाली, हे अख्ख्या हिंदुस्थानात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि दुर्दैवाने ते माझे मामासासरे आहेत. मूळचे नागपूरचे, रेल्वेत गार्ड. बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्त होऊन जवाहर नगरात इथलेच झाले. दोन हजार सालानंतर कधीतरी मी नोकरीसाठी या गावात आलो, तेव्हा बायको म्हणाली, "मामांकडे जाऊन येऊ, तेवढंच आपलं माणूस." पहिल्याच चहाला आपल्या माणसाने मला सांगितलं, "जावईबापू, पिक्चर संपला आता. मतलब, मेलाच समजा. लोकं नुस्ते मयतीत नाचून राहिले."

मेलेल्याला दर आठवड्याला कोणी भेटायला जात नाही, मामा जातात. शुक्रवारी, पहिला खेळ, एकटे. घसरण नीट चालू आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी सरकारने त्यांच्यावर सोपवली असावी. सिनेमा टुकार निघाला की त्यांचा चेहरा उजळतो आणि जेवण दोन घास जास्त जातं. चुकून बरा निघालाच, तर दिवसभर घरात कोणाशी बोलत नाहीत. हिरॉईन लेट आली, गाणं विनाकारण मध्येच उभं राहिलं, शेवट स्टेशन सोडून पुढे गेला, असे शेरे गार्डाच्या गांभीर्याने मारतात. भाजीवाल्याचीही सुटका नाही. "भैया, आजकल के पिक्चर और तुम्हारी गोभी, बस ऊपर से अच्छे," असं म्हणून ते त्याचा सकाळचा धंदा खोळंबून ठेवतात. मग मामी बाहेर येतात आणि फर्ड्या हिंदीत भाव पाडून तीच गोभी घेऊन आत जातात.

एकदा आम्ही चौघं कानोत्याच्या धरणावर डबे घेऊन गेलो होतो. समोर छान शांत पाणी होतं. मामांनी त्याच्याकडे पाहून सुस्कारा सोडला. "पहिले इथं हिरॉईन एकटी बसून रडली असती, अन् आपल्याले पटलं असतं. आता पन्नास पोरी आणतील, अन् साऱ्याच हसतील." मी वैतागून विचारलं, की मामा, ही घसरण सुरू तरी कधी झाली? "आमची पोरगी शाळेत जायला लागली ना, तेव्हापासून," ते एका दमात म्हणाले आणि हात धुवायला पाण्याकडे गेले. मुलगी शाळेत गेल्याने सिनेमा कसा बिघडतो, हे काही माझ्या ध्यानात येईना.

मामी डबे आवरत होत्या. त्या हसल्या. "लग्न करून आली तेव्हा मले हिंदीचा गंध नव्हता. थिएटरात हे सारं माझ्या कानात मराठीत सांगत. आजूबाजूचे लोक चिडत, पण हे काही थांबत नसत. पुढं पोरीचा अभ्यास घेता घेता मीच हिंदी शिकली. एक दिवस म्हटलं, राहू द्या, समजते मले. तेव्हापासून यांना एक पिक्चर आवडला नाही."

"आणि तुम्हाला?"

"मले तेव्हाचे बरेच पिक्चर मागून टीव्हीवर दिसले. यांनी सांगितलेली गोष्ट त्यात नव्हतीच जी. यांचीच चांगली होती." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "आता नेतच नाहीत. म्हणतात, पाहण्यासारखं काय राह्यलं." हसत होत्या खऱ्या, पण त्यांना जायचं होतं, आणि कोणी तरी न्यावं म्हणून त्या इतकी वर्षं वाट पाहत होत्या. मला मामांचा राग आला.

पुढच्याच शुक्रवारी मी चार तिकिटं काढली आणि मामांना जवळजवळ धरून मॉलमधल्या थिएटरात नेऊन बसवलं. सिनेमा त्यांच्या सगळ्या अपेक्षा पूर्ण करणारा होता. बऱ्याच नाचानंतर हिरो "मैं जा रहा हूँ" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मामी मामांकडे झुकल्या.

"काय म्हणला जी तो?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्याच सकाळी या बाईने गॅसवाल्याला त्याच्याच भाषेत गप्प केलं होतं, आणि मामा तिथेच उभे होते. मग त्यांनी घसा साफ केला. "तो म्हणते, माझी माय तिकडं बिमार आहे. नोकरी गेली हे तिला सांगितलं नाही म्हणते. अन् या पोरीवर जीव आहे, पण बोलू कसं म्हणते." त्या सिनेमात माय नव्हती, नोकरीही नव्हती. मागच्या रांगेतून कोणी तरी "अंकलजी, प्लीज" म्हणालं. मामा थांबले नाहीत. मामी पडद्याकडे पाहत हळूहळू मान डोलवत होत्या, आणि गोष्टीत माय मेली तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले.

मला उगीचच भरून आलं. मीही माझ्या बायकोकडे वळलो आणि हिरो का गेला असावा ते हळूच सांगू लागलो.

"कळलं मला," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

सिनेमात आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही, हे मामांचं म्हणणं मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.