बाबांनी फोल्डरला दिलेलं नाव

पांढुर्ण्याच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये बाबा हमाली करतात, तिथल्या वजनकाट्यासाठी मी प्रोग्राम लिहून दिला होता. मी सौंसरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, बाहेरचं काम हे पहिलंच. तेही मिळालं बाबांच्या शब्दावर. "माही पोरगी करून देते," असं ते मालकापुढं बोलून बसले होते.

आदल्या दिवशी सगळं मस्त चाललं. बटणं मोठी, अक्षरं मोठी, गाडीचा नंबर टाकला की वजन समोर. मी खुशीत रामाकोन्याला घरी गेले.

सकाळी येऊन पाहते तर प्रोग्राम उघडायलाच तयार नाही. आयकॉनवर दाबलं की एरर: खिडकी काढून देणारं प्लगिन सापडत नाही. म्हणजे बाकी सगळं जागेवर, फक्त पडद्यावर चित्र उमटवणारा भाग गायब. गेटबाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या. मालक आत येऊन म्हणाले, "मॅडम, बारा वाजेपर्यंत होत असंल त पाहा. नाही त जुनंच लावतो, अन् मंग हे झंझट पुन्हा नको." बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांचं तोंड पाहून माझं डोकंच फिरलं. काल चाललेलं आज का म्हणून चालू नये?

मशीन दोनदा बंद करून चालू केली. काट्यावर नोंदी करणाऱ्या बाबूंवर खेकसले, "कशाला हात लावला होता?" ते म्हणाले, "कशालेच नाही." शेवटी प्रोग्रामची माझ्याकडची प्रत असलेला पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरूनच प्रोग्राम चालवला. लगेच उघडला! मग प्रोग्राम बरोबर आहे, ठेवलेल्या जागेतच काहीतरी बिघडलंय. कालचा फोल्डर शोधला तर मी इंग्रजी अक्षरांत दिलेलं नाव नव्हतं. तिथं मराठीत लिहिलेलं, 'नमो बुद्धाय'. मी वापरलेली लायब्ररी, म्हणजे खिडकी काढून देणारा तयार कोड, जुनी. फोल्डरच्या नावात मराठी अक्षरं आली की तिला स्वतःचंच सामान सापडत नाही.

बाबू हळूच म्हणाले, "नाव तेवढं बदललं. तुमच्या बाबांनीच सांगतलं. नवं काम हाय, नाव घेऊन सुरू करा म्हणे."

मी जुनं नाव परत दिलं, आयकॉनवर दाबलं, खिडकी उघडली. हुश्श! पहिली गाडी काट्यावर चढली, वजन पडद्यावर आलं आणि मला चक्क रडू यायला लागलं.

मालकांनी विचारलं, "काय झालं होतं?" माझ्याकडूनच जरा गडबड झाली, असं सांगायचं मी ठरवलं होतं. पण बाबा दारातून पुढं आले. इतक्या वर्षांत त्या माणसापुढं 'हो मालक' सोडून दुसरं काही बोलताना मी त्यांना स्वतः कधी ऐकलं नव्हतं.

"गलती माही होती, मालक," ते म्हणाले. "पोरीचं काम बराबर हाय."