मोटारीचं बटण

गेल्या रविवारी आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. हिंगोलीत भर मे महिन्यात खोली बदलणारा माणूस एकतर बदलीवाला असतो, नाहीतर घरमालकाला कंटाळलेला... माझी भाडेकरीण दुसऱ्या प्रकारातली होती.

या खोल्या आम्ही ह्यांच्या पीएफमधून आणि बँकेचं कर्ज काढून बांधल्या. "दुकान नको, प्लॉट नको, भाडं म्हणजे घरबसल्या पेन्शन," असं हे म्हणायचे. घरबसल्या म्हणजे काय ते मला नंतर कळलं... कधी वरचं बाथरूम खाली गळतंय, कधी नव्या भिंतीला खिळे, कधी लाइट बिलावरून कुरकुर.

एक शहाणपणा मात्र आम्ही गल्लीतल्या सगळ्या घरमालकांसारखाच केला. बोअरच्या मोटारीचं बटण आमच्या स्वयंपाकघरात बसवून घेतलं. भाडेकरूच्या हाती बटण गेलं की टाकी वाहत राहते, मोटार जळते आणि उन्हाळ्यात बोअर कोरडं पडतं, असं इथे प्रत्येक जण सांगतो. ते अगदीच खोटं आहे असंही नाही.

वर संगीता राहायची. औंढ्याकडच्या खेड्यातली, नवरा एसटीत ड्रायव्हर, त्याची गाडी मुक्कामी असली की ही एकटीच. पदरात तान्हं लेकरू.

टाकी संपली की ती जिन्यातून हाक मारायची, "ताई, मोटार लावता का?" मी लावायचे, पण त्याआधी माझं एक वाक्य ठरलेलं... "सकाळीच तं लावली होती, काहून संपलं गं एवढ्यात?" वर दोरीवर लेकराचे लंगोट वाळत असायचे. ते मला दिसायचे, तरी विचारायचे.

मागच्या महिन्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. नातवाला ॲडमिट केलं होतं. आम्ही दोघं मिळेल त्या गाडीने निघालो... निघताना टाकी भरली, घराला कुलूप घातलं आणि चावी पर्समध्ये टाकली.

"चावी वर देऊन ठेवायची का?" असं ह्यांनी विचारलं होतं. "भाडेकरूजवळ कोणी चावी ठेवतं का?" असं म्हणून मी तो विषय तिथेच संपवला.

दोन दिवसांत येऊ म्हणून गेलो आणि आठवडा उलटला. मध्ये एकदा संगीताचा फोन आला होता. नातवाला सलाइन चालू होतं, मी घाईघाईत म्हटलं, "आत्ता न्हाई बोलता येत गं, दवाखान्यात हाय." "बरं ताई, पोराला जपा," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. कशासाठी केला होता, हे मी नंतरही विचारलं नाही.

परत आलो ते ऐन दुपारी. जिन्याच्या पायऱ्या ओल्या होत्या. संगीता पदर खोचून, कमरेवर कळशी घेऊन गल्लीच्या टोकाच्या हापशावरून येत होती. वरून लेकराचं रडणं ऐकू येत होतं.

मी काय ते समजले. काही बोलणार, तेवढ्यात ओट्यावरच्या कुंड्यांकडे लक्ष गेलं. एवढ्या उन्हात माझ्या मोगऱ्याच्या काड्या व्हायला हव्या होत्या... तो हिरवागार होता, मातीही ओली होती.

"झाडाला पाणी कोणी घातलं गं?"

"मीच. लेकराच्या अंघोळीचं टाकून राहिले होते ताई, सुकून चालला होता. नातू बरा हाय का आता?"

मी कुलूप काढलं. चप्पल न काढताच आत गेले आणि मोटार लावली. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी लेकराला कडेवर घेऊन ती खाली आली. वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं...

"ताई, महिना भरला की आमी खोली खाली करून राहिलो. डेपोजवळ एक पाहिली."

"काहून? भाडं जास्त होतंय का? कमी करते मी."

"भाडं तं तिथं जास्त हाय," ती म्हणाली. "पण मोटारीचं बटण जिन्यात हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजी कुठे ताजी मिळते हे सांगावं, तसं सांगितलं तिने. म्हणूनच ते फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून बटण जिन्यात आणलं. त्याला दिलेला चहा गार व्हायच्या आत काम झालं. संगीताला दाखवलं, तर म्हणाली, "चांगलं केलं ताई." पण तिच्या नवऱ्याने तिकडे ॲडव्हान्स देऊन टाकला होता.

रविवारी टेम्पोत सामान चढलं. मी लेकराच्या मुठीत नोट ठेवली, तशी ती माझ्या पाया पडली. त्याने तर मला जास्तच कसंतरी झालं.

आता खोल्या बघायला माणसं येतात. मी सगळ्यात आधी जिन्यातलं बटण दाखवते आणि ते विचारतात, गाडी कुठे लावायची? बँकेचा हप्ता थांबत नाही, म्हणजे कोणाला तरी द्याव्या लागणारच.

आणि पाणी हवं असलं की आता मलाही जिन्यात यावं लागतं. बटण दाबते, वरच्या दाराचं कुलूप दिसतं... टाकी जपली, मोटार जपली, भिंती जपल्या, माणूस तेवढं जपायचं राहून गेलं.

संगीता, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर ये एकदा. मोगऱ्याला कळ्या आल्यात. लेकराला आमच्याकडेच न्हाऊ घाल... पाणी काहून संपलं, ते विचारणार नाही मी.